कुठल्या पट्टीनं?

माझं नाव शांभवी. उद्यमनगरात राजशेखरअण्णांच्या पॅटर्नच्या कारखान्यात मी बिलं करायची, फोन घ्यायची आणि दाराजवळच्या टेबलावर बसून दिवसभर कोण आलं, कोण गेलं ते बघायची. बघण्याचा पगार नव्हता, पण त्या कामात मी कधी खाडा केला नाही. त्यामुळं दोन हजार दोन सालच्या दसऱ्याला संघप्रियानं काय केलं हे माझ्याइतकं नीट कुणी सांगणार नाही. बाकीचे सांगतात ते अर्धंच असतं, आणि त्या अर्ध्यात ती मूर्ख ठरते. मला त्याचा फार राग येतो.

पॅटर्न म्हणजे काय ते आधी सांगते. लोखंडाचा पंप ओतायचा तर त्याची लाकडी प्रतिकृती करतात, ती वाळूत दाबून काढून घेतात आणि राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. ती प्रतिकृती म्हणजे पॅटर्न. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवावा लागतो, साधारण शंभराला एक. आमचे हंबीरराव मिस्त्री त्यासाठी कधी हिशेब करत बसले नाहीत. त्यांच्याकडं पितळेची एक पट्टी होती, तिच्यावरचा इंचच मुळी खऱ्या इंचापेक्षा जरा लांब होता. त्या वाढीव पट्टीनं लाकूड आखलं की वाढ आपोआप धरली जायची. आणि आधीचा तयार पॅटर्न त्याच पट्टीनं मोजला, की वाढ वजा होऊन पंपाचं खरं माप हातात यायचं. तीस वर्षं ते त्याच पट्टीनं मोजत होते. कारखान्यात त्या पट्टीला मिस्त्रींशिवाय कुणी हात लावायचं नाही, असा न सांगितलेला कायदा होता.

संघप्रिया गडमुडशिंगीची. वडील गणपती एसटीच्या वर्कशॉपला, आई आक्काताई अंगणवाडीत मदतनीस. पोरीनं मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, वर्गात एकटी मुलगी. अण्णांनी त्या दसऱ्याच्या तीन वर्षं आधी कॉम्प्युटर घेतला, कारण पुण्याची गिऱ्हाइकं "कॅड आहे का?" असं विचारायला लागली होती. कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, हे अण्णांना माहीत नव्हतं, पण "आहे की!" म्हणून बसले आणि मग कॉम्प्युटर आणि संघप्रिया एकाच आठवड्यात आणली. शिकवायला पुण्याहून एक माणूस आला, पंधरवडाभर राहिला, तांबडा-पांढरा रस्सा ओरपला आणि गेला. नंतर त्याचा फोन कधी लागला नाही.

तेव्हापासून त्या पोरीची गंमत अशी झाली, की तिचं बरोबर आहे का चूक आहे हे सांगणारं अख्ख्या गल्लीत कुणी उरलं नाही. अण्णांना पडद्यावर रंगीत पंप फिरताना दिसला की ते खूश. मिस्त्री तिकडं बघायचेच नाहीत. मला विचाराल तर मला टॅलीच्या पुढचं काही कळत नव्हतं. ती एकदा मला म्हणाली, "शांभवीताई, मला साहेबच न्हाय वो. चुकलं तर ओरडायला तरी कोण पायजे का नको?"

मग तिनं स्वतःच एक साहेब नेमला. तिच्या टेबलासमोर पाहुण्यांसाठी एक हिरवी खुर्ची होती. काम झालं, की ती आपली खुर्ची सोडून त्या हिरव्या खुर्चीवर जाऊन बसायची आणि रिकाम्या झालेल्या स्वतःच्या खुर्चीला दरडावायची, "काय गं संघप्रिया? हे भोक इथं का? हे माप कुठनं आलं?" मग उठून परत आपल्या जागेवर यायची आणि उत्तर द्यायची. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मिस्त्री मोठ्यानं म्हणाले, "हिला भाईर काढा अण्णा, ही येकटीच बोलायला लागलीया." पण त्या खुर्चीवर बसून तिनं स्वतःच्या इतक्या चुका पकडल्या, की पुढं हसायचं बंद झालं. ती खुर्चीवर बसली की मी फोनवरसुद्धा हळू बोलायची.

अण्णांचं मात्र वागणं ठरलेलं. गिऱ्हाईक समोर असलं की ती "आमच्या मॅडम", गिऱ्हाईक गेलं की "ती पोरगी".

त्या वर्षी अण्णांनी नवी मशीन आणली. कॉम्प्युटरवर केलेला प्रोग्रॅम फ्लॉपीत घालून तिला दिला, की ती आपणहून ठोकळा कापून पॅटर्न काढणार. अण्णांनी ठरवलं की तिचा पहिला जॉब दसऱ्याला, पुण्याच्या एका गिऱ्हाईक साहेबांच्या समोर. त्या साहेबांचा पंपाचा एक जुना पॅटर्न आमच्याकडं होता, भुंग्यांनी खाल्लेला. तसाच नवा करायचा होता. कागदावरचं ड्रॉइंग त्यांच्याकडं सापडत नव्हतं, म्हणून जुन्या पॅटर्नवरूनच मापं घ्यायची ठरली. ठोकळा ते स्वतः गाडीतून घेऊन येणार होते, कसल्यातरी परदेशी फळीचा, आणि तो एकच होता. पॅटर्न घेऊन संध्याकाळी परत जायचं आणि दुसऱ्या दिवशी तिकडं ओतकाम, असा त्यांचा बेत होता.

आणि अण्णांनी संघप्रियाला शब्द दिला. माझ्या टेबलासमोर दिला, मी साक्षीला आहे. "पयला जॉब नीट निघू दे. ह्या नव्या विभागाची इन्चार्ज तू. हाताखाली दोन पोरी घे पॉलिटेक्निकातल्या. तूच बघ, तूच निवड." तिनं दोन पोरी बघूनही ठेवल्या होत्या. पेंटरकडून पाटी आली, निळ्यावर पांढरं: संघप्रियाचं नाव आणि खाली 'इन्चार्ज'. वर्तमानपत्रात गुंडाळून ती माझ्याच टेबलामागं ठेवली होती. संघप्रियानं ती उघडून बघितली नाही. मी बघितली. दोनदा.

अष्टमीच्या दिवशी दुपारी मिस्त्रींनी जुना पॅटर्न मोजला. ते आकडे सांगत होते, ती वहीत मान घालून लिहीत होती. ते आकडे म्हणजे पंपाचं खरं माप असं धरून तिनं कॉम्प्युटरमध्ये घातले, वर शंभराला एक वाढ दिली आणि पाच तास कॉम्प्युटर घुर्र घुर्र करत कटरचा रस्ता काढत बसला. फ्लॉपी तयार झाली. मग ती नेहमीसारखी हिरव्या खुर्चीवर जाऊन बसली. मी ऐकत होते. "हे माप कुठनं आलं?" तिनं विचारलं. उठून आपल्या जागेवर आली आणि म्हणाली, "मिस्त्रींनी सांगितलं." परत हिरव्या खुर्चीवर गेली. नेहमी तिथून पुढचा प्रश्न यायचा. त्या दिवशी आला नाही. "बरं," एवढंच म्हणून तिनं पर्स उचलली आणि बस गाठायला पळाली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. ज्यांच्या घरी कारखाना नाही त्यांना ह्या दिवसाचं महत्त्व कळणार नाही. सगळी हत्यारं घासूनपुसून देवापुढं मांडायची, पूजा करायची आणि मग दसरा उजाडेपर्यंत एकाही हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांना विश्रांती. करवती, रंधे, पटाश्या, सगळं लाल कापडावर ओळीनं. कोहळा फोडला. अण्णांनी नव्या मशीनला हार घातला, कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं, माऊसवर झेंडूचं फूल ठेवलं. आणि सगळ्यांच्या मधोमध मिस्त्रींची ती पितळेची पट्टी, सोन्यासारखी लखलखीत.

संघप्रिया माझ्याशेजारी हात जोडून उभी होती. त्यांच्या घरी हे काही नसतं, पण तीन वर्षं ती दर खंडेनवमीला अशीच उभी राहायची, प्रसादाच्या करंज्या वाटायची. पूजा झाल्यावर ती सहज बोलली. "मिस्त्री, पट्टी लईच चमकतीया की. कवा घासली?"

"चिंच लावून घासली," मिस्त्री खुशीत म्हणाले. "काल सकाळी अंघूळ करून पयली तीच देवाम्होरं ठिवली. येकदा ठिवली की उचलायची न्हाय."

मी करंजी खात होते. संघप्रियाचा हात ताटातच राहिला.

"काल सकाळी?" ती म्हणाली. "मग दुपारी मापं कशानं घेतली?"

"ती व्हय? ती साधी स्टीलची पट्टी हाय न्हवं, भिंतीवरची. तिनंच..." मिस्त्री तिथंच थांबले. तीस वर्षांचा मिस्त्री तो. त्यांना कळायला वेळ लागला नाही. चेहरा उतरला, मग लगेच कडक झाला. "दसरा झाल्यावर बगू," असं म्हणून ते कापूर लावायला वळले.

मला काही कळलं नव्हतं. ती मला माझ्या टेबलाशी घेऊन आली आणि करंजीच्या ताटावर बोटानं रेघा ओढत सांगायला लागली. जुना पॅटर्न आधीच शंभराला एक मोठा होता. वाढीव पट्टीनं मोजला असता तर ती वाढ निघून गेली असती. साध्या पट्टीनं मोजल्यामुळं ती तशीच राहिली, आणि त्यावर हिनं आणखी एकदा वाढ दिली. दोनदा वाढ. "भाईरनं मोठं झालं तर घासून काढता येतंय. पण बोल्टची भोकं सरकणार. पंपाला झाकण बसायचंच न्हाय," ती म्हणाली.

ती सरळ अण्णांकडं गेली. मी मागोमाग गेले, दुसरं काय करणार! तिनं सगळं सांगितलं, फक्त मिस्त्रींचं नाव घेतलं नाही, "मापात घोळ झालाय" म्हणाली. "अण्णा, आकडा एकच बदलायचा हाय. पण रस्ता परत काढायला पाच तास लागत्यात. आत्ता कॉम्प्युटर चालू केला तर उद्या सकाळच्या आत तयार."

"आज?" अण्णांनी कीबोर्डवरच्या कुंकवाकडं बघितलं. "खंडेनवमीला? येडी झालीस काय?"

"उद्या साडेआठला साहेब येणार. तोवर कसं व्हायचं?"

मागून मिस्त्री गरजले. "आज हत्यार उचलायचं न्हाय म्हंजे न्हाय! तुमच्यात मानत नसत्याल, आमच्यात मानत्यात."

संघप्रिया त्यांच्याकडं वळली. मला वाटलं आता ही काहीतरी तोडून बोलणार, आणि बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. "मिस्त्री," ती म्हणाली, "आमच्यात न्हाय, तरी तीन वर्सं मी हितं हात जोडून हुबी ऱ्हातीया. मानत न्हाय म्हणून मागितलं न्हाय. काम चुकलंय म्हणून मागितलं." मिस्त्रींनी मान फिरवली. अण्णा म्हणाले, "बास. हा विषय बंद."

माझ्या ड्रॉवरमध्ये कारखान्याची जादा किल्ली असायची. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "संध्याकाळी सगळे गेले की आपण दोघी उघडू. कुंकू पुसायचं, काम लावायचं, परत कुंकू. कुणाला कळतंय?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला किल्ली परत ड्रॉवरमध्ये टाकावी लागली. "चोरून बरोबर केलं तर पुढं पण सगळं चोरूनच करावं लागंल," ती म्हणाली. "आणि ती हत्यारं त्यांची हायत, ताई. त्यांनी न्हाय म्हटलंय. उद्या उजाडलं की कुणाचं काय म्हणणं असायचं कारण न्हाय. उद्या बगू." पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मला दिसू नये म्हणून ती उरलेल्या करंज्या मोजायला लागली.

दसऱ्याच्या सकाळी पहिल्या बसनं ती आली. अण्णांनी शटर उघडलं तसं आत घुसून तिनं कॉम्प्युटर सुरू केला, आकडा बदलला आणि तो पुन्हा घुर्र घुर्र करायला लागला. पाच तास म्हणजे दुपार. अण्णा तिच्या मागं येऊन उभे राहिले. नवा सफारी, कपाळाला गंध, पण चेहऱ्यावर घाम.

"हे चालू दे," ते हळू आवाजात म्हणाले. "पण साहेबांच्या म्होरं कालची फ्लॉपी लाव."

"ती चुकीची हाय, अण्णा."

"शंभराला येक! ओतकामात इकडं तिकडं होतंयच. झाकण बसलं न्हाय तर त्यांच्या फौंड्रीवर ढकलता येतंय. वाळू खराब, लोखंड गार, कायबी सांगता येतंय. तू बटण दाबायचं." मग माझ्या टेबलामागून त्यांनी ती पाटी काढली, वर्तमानपत्र फाडलं आणि ती भिंतीला टेकवून ठेवली, तिला समोर दिसेल अशी. "आज संध्याकाळी ठोकतो ही. तुझ्या हातानं नारळ फोडायचा."

मी खोटं बोलणार नाही. त्या क्षणी मला वाटलं, दाब की बाई बटण. कोण मरतंय का? पुण्याची ती फौंड्री कुणाची कोण. तुला परत अशी पाटी कोण देणार आहे? मी तसं डोळ्यांनी तिला सांगितलंही. ती माझ्याकडं बघत नव्हती.

साहेब आले. गोरे, उंच, बोलायला मऊ. गाडीतून ठोकळा उतरवला, मशीनवर आवळून बसवला. बसायला द्यायचं म्हणून कुणीतरी ती हिरवी खुर्ची बाहेर आणली आणि साहेब तिच्यावर बसले. अण्णांचा भाचा बसवेश कॅमेरा घेऊन उभा. बी.कॉम. झालेला मुलगा, त्याला मशीनचं तोंड कुठं आणि शेपूट कुठं तेही माहीत नव्हतं, पण फोटो चांगले काढायचा. मिस्त्री फेटा बांधून कडेला. दसरा म्हणजे अख्खा दिवस मुहूर्त, पण अण्णांना साडेआठच हवे होते. "आमच्या मॅडमच्या हस्ते!" अण्णा म्हणाले, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संघप्रिया मशीनपुढं गेली. कालची फ्लॉपी आत होती. तिनं हिरव्या बटणावर बोट ठेवलं. बसवेश म्हणाला, "मॅडम, इकडं बघा." ती वळली. पण कॅमेऱ्याकडं नाही, खुर्चीकडं. तिची साहेबाची खुर्ची अडवलेली होती, तिच्यावर दुसराच साहेब बसलेला. ती त्या खुर्चीकडं बघतच राहिली. तिचे ओठ हलले, मला दिसले. काय म्हणाली असेल ते मी सांगू शकते, तीन वर्षं ऐकत होते.

तिनं बोट काढलं.

"साहेब, हा प्रोग्रॅम चुकलाय," ती म्हणाली. "हा चालवला तर बोल्टची भोकं सरकतील. तुमचा ठोकळा वाया जाईल. बरोबर प्रोग्रॅम दुपारी तयार होतो. तेव्हा सुरू करू."

अण्णा एकदा हसले, एकदा खोकले. "मॅडम लई काळजी घेतात वो," ते म्हणाले. "तसं काय विशेष..."

"विशेष आहे," संघप्रिया म्हणाली. "वाढ दोनदा धरली गेलीय."

साहेबांना लगेच कळलं. ते उठून उभे राहिले. "अहो, ही तर अगदी पहिल्या पायरीची गोष्ट. कुणाची चूक?"

अण्णांनी मिस्त्रींकडं बघितलं. मिस्त्री खाली आपल्या पायताणाकडं बघत होते. मी वाट बघत होते. बोल की म्हाताऱ्या, मनात म्हणत होते, बोल, पट्टी देवापुढं ठेवलीवती म्हणून साधी घेतली, एवढं एक वाक्य. तीस वर्षांत पहिली चूक, कोण तुला खाणार आहे? त्यांनी तोंड उघडलं नाही.

"माझी," संघप्रिया म्हणाली.

मी खुर्चीतून उठलेच होते. तिनं हातानं मला खाली बस अशी खूण केली. बसले.

"आधी सांगितलंत हे चांगलं केलंत," साहेब म्हणाले. मग त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या पाटीवर गेली. अगदी मऊ आवाजात, काही विशेष नसल्यासारखं ते अण्णांना म्हणाले, "पण राजशेखर, पहिल्याच कामात अशी चूक करणारीला तुम्ही इन्चार्ज नेमताय? विचार करा." ठोकळा ठेवून ते निघाले. संध्याकाळी पॅटर्न न्यायला माणूस पाठवतो म्हणाले. नारळ तसाच राहिला.

दुपारी कॉम्प्युटरचं काम संपलं. तिनं नवी फ्लॉपी घातली आणि बटण दाबलं. टाळ्या वाजवायला मी एकटी होते, मी वाजवल्या नाहीत. मशीन सुरेख चालली. पॅटर्न वेळेत गेला, आणि नंतर पुण्याहून निरोप आला की झाकण नीट बसलं, एक भोकही हललं नाही. तो फोन मीच घेतला. अण्णांना सांगितलं तर ते "हां" म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

त्या संध्याकाळी सगळ्यांनी एकमेकांना आपट्याचं सोनं दिलं. मिस्त्री लवकर निघून गेले होते. मी आणि संघप्रिया चालत बसस्टॉपकडं निघालो, आणि मी तिला वाटेल ते बोलले. "तू काय देव आहेस का? त्याची चूक तू का घेतलीस? तुझ्या त्या दोन पोरींचं काय आता? उद्या ते म्हणतील बायकांना जमत नाही, आणि तूच त्यांना म्हणायला दिलंस!"

तिनं ऐकून घेतलं. "ताई, मिस्त्रींची चूक मी घेतली न्हाय," ती म्हणाली. "त्यांची त्यांच्याजवळ हाय, त्यांचं ते बगतील. माझी येगळी हाय. मी त्या खुर्चीवर बसले, माप कुठनं आलं म्हणून विचारलं, आणि मिस्त्रींचं नाव ऐकलं आन् घाबरून गप झाले. कुठल्या पट्टीनं, येवढं विचारायचं हुतं. त्यांना राग येईल म्हणून इचारलं न्हाय. असला भित्रा साहेब असण्यापरास नसल्याला बरा." थोडं चालल्यावर ती थांबली आणि रडायला लागली. "पण पाटी पायजे हुती वो मला. लई पायजे हुती." मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मला त्या दिवशी तिचं म्हणणं पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर अजूनही सगळं पटत नाही.

दोन दिवसांनी अण्णांनी पाटी परत पेंटरकडं पाठवली. आली ती बसवेशच्या नावाची. पेंटरनं पैसे वाचवायला जुन्याच फळीवर निळा हात मारला होता, आणि ऊन पडलं की त्याच्या नावाखाली तिचं नाव पुसट दिसायचं. त्या दोन पोरीही आल्या दिवाळीनंतर, बसवेशच्या हाताखाली. शिकवायचं मात्र संघप्रियानंच. बसवेश सही करायचा.

दिवाळीनंतरचा पहिला जॉब असाच मोजून करायचा होता. मिस्त्री जुना पॅटर्न घेऊन बसले, ती समोर पेन्सिल घेऊन, त्या दोन पोरी तिच्या मागं उभ्या. दसऱ्यापासून मिस्त्री तिच्याशी कामापुरतंही धड बोलत नव्हते. त्यांनी पहिला आकडा सांगितला. तिनं तो लिहिला नाही. पेन्सिल खाली ठेवली.

"मिस्त्री," ती म्हणाली, "कुठल्या पट्टीनं?"

रंध्यांचे आवाज थांबले. एका पोरीनं दुसरीचा हात धरला. बसवेश केबिनमधून धावत आला, "अहो मॅडम, मिस्त्रींना असं विचारत्यात का!" संघप्रियाचा चेहरा पांढरा पडला होता, मला लांबून दिसत होतं. पण तिनं मान खाली घातली नाही. "मला इन्चार्जनं सांगितलं न्हाय, मालकानं सांगितलं न्हाय," ती बसवेशला म्हणाली. "मी माझ्यासाठी इचारतीया. उत्तर आल्याबिगर मी लिवणार न्हाय."

मिस्त्री उठले. पट्टी तिथंच टाकून बाहेर गेले, नाक्यावर चहाच्या गाड्याशी उभे राहिले. चहा घेतला नाही, नुसते उभे. मला दारातून दिसत होते. बराच वेळ झाला. मग ते परत आले, फेटा काढून बाजूला ठेवला, पितळेची पट्टी उचलली आणि तिच्या टेबलावर तिच्यासमोर आडवी ठेवली. तीस वर्षांत ती पट्टी दुसऱ्याच्या टेबलावर गेली नव्हती.

"ह्या पट्टीनं," ते म्हणाले. "बगून घे." मग खाली बघत, मला ऐकू येईल न येईल असं, "दसऱ्याला साधी हुती. माझं चुकलं हुतं, पोरी."

"व्हय," ती म्हणाली. "सांगा आता पयला आकडा."

त्या दिवसापासून आमच्या कारखान्यात माप सांगणारा आधी पट्टी सांगतो आणि मग आकडा. आता मिस्त्री नाहीत, तरी तसंच चालतं. पाटी अजून बसवेशच्या नावाची आहे. बाहेरचे पाहुणे आले की तो त्यांना कारखाना दाखवतो आणि छाती पुढं काढून म्हणतो, "आमच्याकडं पट्टी विचारल्याशिवाय माप लिहीत नाहीत, हा नियम मी घातलाय." संघप्रिया मागं कॉम्प्युटरवर काम करत असते, ऐकत असते, वर बघत नाही. एकदा न राहवून मी दारातून ओरडले, "बसवेश, कुठल्या पट्टीनं रे?" त्याला काही कळलं नाही. तिला कळलं, आणि ती त्या दसऱ्यानंतर पहिल्यांदा पोट धरून हसली.